भोपळीच्या दोन रेघा

हे सगळं घडलं १९९७ साली. तेव्हा मोबाइल फारच थोड्या लोकांकडे होता आणि तो खिशात मावत नसे. डुकरांना आलेला ताप साधा की साथीचा, हे कळायलाही पंधरवडा जाई. रक्त काढायचं, बर्फात ठेवायचं, मध्यवर्ती प्रयोगशाळेकडे पाठवायचं आणि वाट बघत बसायचं. उत्तर हातात पडेपर्यंत निम्मा कळप आडवा झालेला असे आणि उरलेल्याने शेजारच्या कळपाला ताप देऊन ठेवलेला असे.

ताई या पंधरवड्याच्या मागे हात धुऊन लागली होती. चहाला उकळी येईपर्यंत निकाल मिळाला पाहिजे, असं तिच्या मनाने घेतलं होतं. घरच्या सगळ्या भावंडांत थोरली म्हणून ती ताई. पुढे प्रयोगशाळेतही ती ताईच झाली. तिच्याहून वयाने कितीतरी मोठे असलेले संचालक, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, तेही तिला ताईच म्हणत.

तिने कागदाची एक बोटभर लांबीची पट्टी तयार केली होती. डुकराची लाळ द्रावणात मिसळायची, त्याचे थेंब पट्टीवर सोडायचे आणि बघत राहायचं. एक लाल रेघ उमटली तर डुक्कर निरोगी. दोन उमटल्या तर तापाचा विषाणू आत आहे. आणि लाळ मिळवायची युक्ती तर फारच सोपी होती. शेडमध्ये सुती दोर लोंबता सोडायचा. डुक्कर म्हणजे भारी चौकस प्राणी, ते येऊन दोर चघळतं. मग ओला दोर पिळून घ्यायचा. सुई नको, रक्त नको, आरडाओरडा नको.

प्रयोगशाळेत पट्टी उत्तम चालत होती. आजारी डुकरांच्या साठवलेल्या नमुन्यांवर दोन रेघा, निरोगी नमुन्यांवर एक. आता खऱ्याखुऱ्या शेडमध्ये, सरकारी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यासमोर प्रात्यक्षिक व्हायचं होतं. त्याने होकार दिला की पट्टी गावोगाव जाणार होती. या अधिकाऱ्याला डुक्कर पाळणारे लोक नियमसाहेब म्हणत. तोंडावर नव्हे, अर्थातच.

"खात्रीचा निरोगी कळप कुठे मिळेल?" मोठ्या सरांनी विचारलं.

"माझ्या आत्याकडे," ताई म्हणाली. आणि तिथेच ती फसली.

ताईची शाळेची सगळी वर्षं आत्याकडे गेली होती. आत्याच्या घरामागे पत्र्याच्या दोन शेड होत्या. रोज पाण्याचा पाइप लावून धुतलेली सिमेंटची जमीन, कडेने कोरडा भुसा. भोपळी नावाची एक अवाढव्य मादी त्या राज्याची महाराणी होती. आत्या बोलायची सगळ्यांशी, पण मनातलं सांगायची ते भोपळीला.

"आणि चुकून दोन रेघा आल्या तर गं?" आत्याने विचारलं होतं.

"येतीलच कशा? तुझी डुकरं आजारी आहेत का?"

"माझी डुकरं तुझ्या मोठ्या सरांपेक्षा धडधाकट आहेत. पण मी म्हणते, आल्या तर?"

आल्या तर काय होणार, हे दोघींनाही ठाऊक होतं. शेजारच्या जिल्ह्यात साथ चालू होती. साथीच्या दिवसांत संशय आला तरी अख्खा कळप मारून पुरायचा, असा हुकूम होता.

"आत्या, तसं झालं तर मी तुला पुन्हा तोंड दाखवणार नाही," ताई म्हणाली.

"तोंड दाखव न दाखव, माझी भोपळी मला दाखव म्हणजे झालं," आत्या म्हणाली आणि तयार झाली.

ताईने आदल्या दिवशी दोरांचं भेंडोळं आत्याकडे पोचवलं आणि सकाळी पाहुणे यायच्या आधी दोर टांगून ठेवायला सांगितलं.

सकाळी सगळे जमले. मोठ्या सरांनी टाय लावला होता आणि पायांत नवेकोरे गमबूट होते. ते मापाने इतके मोठे होते की सर एक पाऊल पुढे टाकत तेव्हा बूट थोड्या वेळाने येत. नियमसाहेब फाटकापाशी जंतुनाशकाच्या टाकीत पाय बुडवून, पुन्हा बुडवून, मग आत आले. आत्याचे यजमान, म्हणजे ताईचे आतोबा, इस्त्रीचा पायजमा घालून खुर्च्या पुसत होते.

दोर बघून ताईला आनंदाचं भरतं आलं. डुकरं दोरांना नुसती लोंबकळत होती! भोपळीने तर दोघींना बाजूला सारून तिसरीचाही दोर तोंडात घेतला होता.

"वा!" मोठे सर म्हणाले. "किती सहकार्य!"

ताईने दोर पिळले, लाळ द्रावणात मिसळली, व्हरांड्यातल्या टेबलावर पट्ट्या ओळीने मांडल्या आणि थेंब सोडले. आत्याने आत चहाचं आधण ठेवलं.

चहाला उकळी आली. पट्ट्यांवर रेघा आल्या. भोपळीच्या पट्टीवर दोन. तिच्या शेजारणीच्या पट्टीवर दोन. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक पट्टीवर दोन दोन ठसठशीत लाल रेघा.

ताईने एकेक पट्टी उचलून पुन्हा पाहिली. नियमसाहेबांनी खिशातून कुलूप काढलं, शांतपणे फाटकाकडे गेले, कुलूप लावून परत आले आणि म्हणाले, "आता कुणी बाहेर जायचं नाही. कळपाचं उद्या संध्याकाळी."

"कळपाचं काय उद्या संध्याकाळी?" आत्या ट्रे घेऊन दारात उभी होती.

आत्याने ट्रे खाली ठेवला आणि ताईकडे फक्त एकदा बघितलं. ती ओरडली असती तर ताईला बरं वाटलं असतं.

"साहेब, टेस्ट चुकली आहे," ताई म्हणाली. "माझी टेस्ट चुकीची आहे. कागदावर लिहून देते."

"ताई!" मोठे सर ताडकन उठले. बूट मागाहून उठले. "टेस्ट चुकीची नाही! एवढ्या वर्षांची मेहनत आहे!"

"मग डुकरं आजारी आहेत," नियमसाहेब म्हणाले.

"डुकरं आजारी कशी असतील? बघा की, कशी उड्या मारतायत!"

"मग टेस्ट चुकीची."

"टेस्ट बरोबर आहे!"

"मग डुकरं आजारी. सर, दोन्हींतलं एक काहीतरी ठरवा. मला दोन्ही चालतं."

मोठ्या सरांचा चेहरा लालबुंद झाला. ते कधीच कुणापुढे हरलेले नव्हते, निदान ऑफिसात तरी. "मी सिद्ध करून दाखवतो," ते गरजले. "ज्याच्यात हा विषाणू असूच शकत नाही, अशा प्राण्याची लाळ घ्या. एकच रेघ येते की नाही बघा! माझी घ्या!"

"सर, हा ताप माणसाला होत नाही," ताई कुजबुजली.

"म्हणूनच म्हणतोय ना!"

ते पट्टीवर थुंकायला वाकले, तोच नियमसाहेबांनी हात आडवा केला. "असं नाही चालणार. नमुना सगळ्यांचा एकाच पद्धतीने. दोर चघळा."

शेडमध्ये भोपळीसुद्धा थांबल्यासारखी वाटली. खिळ्यावर उरलेला एक दोर टांगलेला होता. आतोबांनी तो आदराने, दोन्ही हातांनी, मोठ्या सरांपुढे धरला. सरांनी टाय खांद्यावर टाकला, डोळे मिटले आणि दोराचं टोक तोंडात घातलं.

ते चघळू लागले. थोडा वेळ झाला. अजून थोडा झाला.

"सर, पुरे," ताई म्हणाली.

सर थांबले नाहीत. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून उलगडत होत्या. शेवटी ताईने दोर ओढूनच घेतला. तो पिळला, थेंब टाकले. सगळे पट्टीवर ओणवे झाले.

दोन रेघा.

नियमसाहेबांनी मोठ्या सरांकडे नीट बघून घेतलं. "सर, तुम्हालाही इथून हलता येणार नाही."

"अहो, पण मी डुक्कर आहे का?"

"ते मी म्हणत नाही. संशयित नमुना ज्याचा, तो जागचा हलवायचा नाही, एवढाच नियम आहे. कोण असावा याबद्दल नियम काही म्हणत नाही. तुमची सोय कुठे करायची? धाकटी शेड रिकामी आहे ना, बाई?"

"अय्या, शेडमध्ये कशाला? माजघरात झोपतील की," आत्या म्हणाली. एवढ्या दुःखातही तिला पाहुणचार सुटत नव्हता.

मोठे सर मात्र वेगळ्याच विचारात होते. ते ओठांवरून जीभ फिरवत म्हणाले, "ताई, एक विचारू? आपले दोर आंबटगोड कधीपासून झाले?"

ताईने झटकन वळून आत्याकडे पाहिलं. आत्या पदराशी चाळा करत होती.

"आत्या, दोराला काय लावलंस?"

"लावलं म्हणजे काय... जरासं लिंबू पिळलं. आणि साखर. तुझे ते कोरडे दोर काल भोपळीला दाखवले, तर तिने नुसतं हुंगून तोंड फिरवलं गं! म्हटलं, चार मोठ्या माणसांपुढे माझ्या पोरीची फजिती नको. रात्रभर ठेवले मग भिजत."

"मला सांगितलं का नाहीस?"

"भाजीत मीठ घातलं तर तुला सांगते का मी?"

ताई मटकन खुर्चीत बसली आणि तशीच ताडकन उठली. तिने लिंबू मागवलं, पाण्यात पिळलं आणि त्याचे थेंब कोऱ्या पट्टीवर सोडले. त्यात ना डुक्कर, ना लाळ, ना मोठे सर. तरी चहाला उकळी येण्याआधीच दोन रेघा उमटल्या.

"बघा साहेब!" ती जवळजवळ ओरडलीच. "आंबटाने पट्टीवरची रसायनं बिघडतात. रंगाचे कण नको तिथे चिकटून बसतात. डुकरांना काही झालेलं नाही. लिंबाला ताप आलाय!"

नियमसाहेबांनी लिंबाची साल उचलून उलटसुलट पाहिली. माणूस दुष्ट नव्हता. पण नियमांत लिंबू कुठे बसवावं, हे त्यांना उमजेना. "पुन्हा करून दाखवा. कोऱ्या दोराने, माझ्या डोळ्यांसमोर."

पण कोरा दोर आणायचा कुठून? होते ते सगळे दोर लिंबात मुरलेले. फाटकाला कुलूप. घरातली कपडे वाळत घालायची दोरी नायलॉनची. मोठ्या सरांनी टाय देऊ केला, पण तोही सुती नव्हता. आत्याने घरभर नजर फिरवली आणि ती नजर येऊन थांबली आतोबांच्या कमरेवर.

"अहो," ती म्हणाली.

"काय?" आतोबांनी धोका ओळखून दोन पावलं मागे घेतली.

"तुमच्या पायजम्याच्या नाड्या सुती आहेत ना?"

कपाटातल्या एकूण एक पायजम्याच्या नाड्या निघाल्या. तरी एक कमी पडली. आतोबा न बोलता आत गेले आणि एका हाताने कंबर, दुसऱ्या हाताने नाडी धरून बाहेर आले. त्यानंतर दिवसभर त्यांनी जे जे केलं ते एका हाताने केलं.

आत्याने नाड्या उकळून घेतल्या. डुकरांना पोटभर पाणी पाजलं, तोंडातलं आंबट जाईपर्यंत दम धरला आणि दुपारी नाड्या टांगल्या. भोपळीने हुंगून तोंड फिरवलं. मग आत्या कुंपणावरून आत उतरली, तिच्या कानामागे खाजवत राहिली आणि हळू आवाजात काहीतरी बोलली. ती काय बोलली ते कुणाला ऐकू आलं नाही, पण भोपळीने एक उसासा टाकला आणि आतोबांची नाडी तोंडात घेतली.

या खेपेला आत्याने चहा ठेवला नाही. ती पट्ट्यांपाशीच हात जोडून उभी राहिली. एक रेघ. एक रेघ. पुढे एक. भोपळीची सगळ्यात शेवटी, तीही एक.

ताईला हुंदका फुटला. पण नियमसाहेब मान हलवत होते.

"सकाळी दोन, दुपारी एक. संध्याकाळी तीन आल्या तर? मी विश्वास ठेवायचा कशावर? एक काम करू. आमच्या खात्याच्या आदर्श केंद्रातून नमुना मागवतो. तिथे माशीसुद्धा पाय धुतल्याशिवाय आत येत नाही. तिथल्या डुकरांची एक रेघ आली, तर तुमची पट्टी खरी आणि कळपही मोकळा. दोन आल्या, तर मात्र पट्टी कचऱ्यात. आणि मग माझ्या हातात उरतो तो सकाळचा संशय."

त्यांनी आतोबांच्या घरच्या फोनवरून केंद्राला सूचना दिल्या. कोरा दोर, साधं पाणी, लिंबू अजिबात नाही. जीप आली, आणि बंद बाटली फाटकावरून आत घेतली गेली. ऊन कलायला लागलं होतं. ताईने थेंब सोडले तेव्हा मोठ्या सरांनी तिचं मनगट धरलं.

पहिली रेघ उमटली. मग, अगदी सावकाश, तिच्या शेजारी दुसरी उमटली.

"संपलं," नियमसाहेब म्हणाले. त्यांनाही वाईट वाटलेलं दिसत होतं. "बाई, माझा इलाज नाही."

ताईने तोंड ओंजळीत झाकलं. आत्या मात्र त्या पट्टीकडे टक लावून पाहत होती.

"साहेब," ती म्हणाली, "तिथली डुकरं जेवतायत का?"

"म्हणजे?"

"म्हणजे खातायत का नीट? विचारा की. फोन आमचाच आहे, लाजू नका."

नियमसाहेबांनी फोन लावला. पलीकडचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण त्यांचा आवाज एकेका वाक्यागणिक बारीक होत गेला. "खातायत ना? ... कमी म्हणजे किती कमी? ... कधीपासून? ... अरे, ऊन आहे म्हणून डुक्कर जेवायचं सोडतं का? ... कानाला हात लावून बघ. ... गरम? ... किती जणींचे?"

त्यांनी फोन ठेवला आणि खुर्ची शोधली. आतोबांनी मोकळ्या हाताने ती पुढे सरकवली.

पट्टी खरं बोलत होती. ताप आला होता, पण तो आत्याच्या शेडमध्ये नव्हता. तो होता माशीलाही पाय धुवायला लावणाऱ्या आदर्श केंद्रात, आणि तिथल्या लोकांना अजून त्याचा पत्ता नव्हता.

आत्याने पदर खोचला. "साहेब, सकाळी इथे येण्याआधी तुम्ही कुठे होतात?"

नियमसाहेबांनी आपल्या बुटांकडे पाहिलं.

"केंद्रावर होतात ना?"

"होतो," ते पुटपुटले.

"तापाच्या शेडमधून उठून सरळ माझ्या भोपळीकडे आलात?"

"मी पाय बुडवले होते, बाई. दोनदा."

"पाय बुडवलेत. बाकीचं?"

आजारी कळपातून आलेल्याने अंघोळ करून कपडे बदलायचे, हा नियम त्यांनीच गावोगाव समजावून सांगितलेला होता, त्यामुळे तो आता त्यांना समजावून सांगायची गरज पडली नाही. ते मुकाट्याने उठले. न्हाणीघरात आत्याने जंतुनाशकाची बादली भरून ठेवली. तासाभराने ते बाहेर आले तेव्हा त्यांचे कपडे मोरीत भिजत होते आणि अंगावर आतोबांचा एक पायजमा होता. सगळ्या नाड्या भोपळीच्या कळपाने चघळलेल्या असल्यामुळे आता व्हरांड्यात दोन माणसं एका हाताने कंबर धरून उभी होती.

"फाटकाची किल्ली कुठाय?" आत्याने विचारलं.

"शर्टाच्या खिशात," नियमसाहेब म्हणाले. "भिजतेय."

"भिजू दे. सकाळी बघू. सगळे जेवायला बसा."

दोन्हीकडचे नमुने मध्यवर्ती प्रयोगशाळेकडे गेले आणि निकाल रीतसर पंधरवड्याने आला. आत्याचा कळप निर्दोष होता आणि आदर्श केंद्रात ताप होता. पण तो तिथल्या एकाच शेडमध्ये अडवला गेला होता, कारण नियमसाहेबांनी दुसऱ्याच दिवशी केंद्राच्या फाटकाला स्वतःच्या हाताने कुलूप घातलं. ती एक शेड वाचली नाही. आसपासची सगळी गावं वाचली. गडबडीत मोठ्या सरांचा नमुनाही डुकरांच्या बाटल्यांबरोबर मध्यवर्ती प्रयोगशाळेत गेला होता. त्याच्यापुढे शेरा होता: विषाणू नाही, मात्र जनावराला चहा देणं बंद करावं.

ताईने द्रावण बदललं. "शेडमध्ये माणसं जे करतात ते करणारच," ती म्हणायची. "लिंबाला घाबरणारी टेस्ट काय कामाची?" नवं द्रावण लिंबू, ताक, चिंच, काहीही पचवायचं. ते पक्कं करायला आणखी दोन वर्षं गेली आणि त्या काळात तिने चिंचेचा इतका कोळ केला की तिच्या हातांना कायम तोच वास येई. ती पट्टी पुढे फार दूरवर गेली.

मोठे सर निवृत्त होईपर्यंत संचालक राहिले. त्या दिवसानंतर त्यांनी भर सभेत काहीही सिद्ध करून दाखवायचं सोडलं आणि प्रयोगशाळेची पुष्कळ भरभराट झाली. नियमसाहेब पट्टीचे सगळ्यात मोठे पुरस्कर्ते झाले. नव्या अधिकाऱ्यांना शिकवताना ते म्हणत, "आधी विचारा, डुकरं जेवतायत का." हे कुणाकडून शिकलो ते मात्र सांगत नसत, पण दर वर्षी आतोबांना नव्या नाड्यांचा गुंडा पाठवत. आतोबांनी पुढे इलॅस्टिकचे पायजमे शिवून घेतले आणि गुंडे तसेच साठत गेले. आतोबा वारले तेव्हा कपाटात गुंड्यांनी भरलेला एक कप्पा निघाला.

आत्या त्यांच्यामागे पुष्कळ वर्षं जगली. शेड तिने शेवटपर्यंत चालवल्या.

आणि भोपळी म्हातारी होऊन गेली. डुकराच्या नशिबी असं सहसा येत नाही. तिच्या शेवटच्या वर्षी आत्या तिच्यासाठी भुसा चाळून घालायची. एका सकाळी प्रयोगशाळेत आत्याचा फोन आला. आवाजावरूनच ताईला कळलं.

"कशाने गेली गं?" ताईने विचारलं. "ताप होता का? नमुना घेऊन येऊ?"

"नको," आत्या म्हणाली. "म्हातारपण आहे बाई हे. त्याला तुझी पट्टी लागत नाही."